लाल शाईची दुरुस्ती

माझे थोरले चुलते, ज्यांना घरातले आणि गावातले सगळेच तात्या म्हणत, मार्च २०२२ मध्ये वारले. बदनापूर तालुक्यातील आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली, मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले आणि नंतरची वर्षे शेतीत रमले. तेरावे झाल्यावर त्यांच्या धाकट्या मुलाने, आमच्या बापूने, मला ओसरीत बाजूला घेऊन सांगितले, "ताई, तात्यांनी वसीयत करून ठेवलीय, आणि सगळं पार पाडायला तुझं नाव लिहिलंय." मी परभणीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तात्यांच्या मिळकतीत माझा कसलाही हिस्सा नव्हता आणि बहुधा याच कारणासाठी त्यांनी मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मला नेमले असावे. पुढचे जवळजवळ पंधरा महिने मी परभणी, जालना आणि गाव अशा फेऱ्या मारल्या. एका माणसाने स्वच्छ मनाने लिहून ठेवलेल्या इच्छांपैकी किती टिकतात आणि किती निसटतात, हे मी त्या काळात एकेक कलम समजून घेत पाहिले.

सुरुवातीलाच अडचण आली, कारण मूळ मृत्युपत्र सापडत नव्हते. ते २०११ मध्ये तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलेले होते, म्हणून मृत्यूचा दाखला जोडून आम्ही प्रमाणित नक्कल काढली. (मृत्युपत्रे तिथे वेगळ्या पुस्तकात, पुस्तक क्रमांक तीनमध्ये नोंदवतात आणि करणारा जिवंत असेपर्यंत इतर कोणाला त्याची नक्कल देत नाहीत.) घरातल्या सगळ्यांचा समज असा होता की रजिस्ट्री झाली म्हणजे कागद पक्का झाला. जालन्याच्या ज्या वकीलसाहेबांकडे मी गेले, त्यांनी हा समज पहिल्याच भेटीत दूर केला. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, नोंदलेले मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या साध्या, न नोंदलेल्या पण दोन साक्षीदारांसमक्ष केलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते, आणि मूळ कागद करणाऱ्याच्याच ताब्यात असून तो मृत्यूनंतर मिळाला नाही, तर त्याने तो स्वतः रद्द करण्याच्या हेतूने नष्ट केला असावा, असा अनुमानाचा प्रश्न उभा राहतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ७० मध्ये मृत्युपत्र रद्द करण्याच्या रीती दिल्या आहेत. नवे मृत्युपत्र करणे ही एक रीत. मृत्युपत्राच्याच पद्धतीने सही-साक्षीसह रद्द केल्याचा लेख लिहिणे ही दुसरी. आणि रद्द करण्याच्या इराद्याने कागद स्वतः, किंवा आपल्यासमोर आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याकडून, जाळणे, फाडणे वा नष्ट करणे ही तिसरी. यांत नुसते तोंडी बोलणे कुठेच बसत नाही, ही गोष्ट मी तेव्हा वहीत लिहून घेतली, कारण तात्या कोणाकोणाला काय काय बोलले होते हे पुढे फार ऐकायला मिळणार होते.

सतरा दिवसांनी मूळ मृत्युपत्र मिळाले. तात्यांच्या सेवापुस्तकाची नक्कल, पेन्शनचा आदेश आणि जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात ते सुतळीने बांधलेले होते. सगळ्यांना हायसे वाटले. पण मी ते उलगडले तेव्हा दुसऱ्या पानावर लाल शाईची एक दुरुस्ती दिसली, जी रजिस्ट्रीच्या नकलेत नव्हती.

त्या दुरुस्तीविषयी सांगण्याआधी मृत्युपत्रात काय होते ते सांगते. वडिलोपार्जित आठ एकरांचा जो गट तात्यांना १९७९ च्या वाटणीत मिळाला होता, त्यातील चार एकर थोरल्या मुलाला, म्हणजे दादाला, आणि चार एकर बापूला. पगारातून १९९१ मध्ये घेतलेली दोन एकर मुलीला, म्हणजे आमच्या अक्काला. विहिरीजवळच्या, १९८४ मध्ये घेतलेल्या तीन एकरांपैकी 'मोसंबीची बाग असलेली पूर्वेकडील दोन एकर' त्यांच्या बहिणीला, माझ्या आत्याला. बँकेतील रकमेतून दिवसकार्याचा खर्च भागवून उरलेली रक्कम 'धर्मकार्यात लावावी'. आणि शेवटी, याव्यतिरिक्त जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती बापूने घ्यावी. त्या वेळी सगळे हयात होते आणि सगळी जमीन जागेवर होती. त्यानंतरच्या अकरा वर्षांत दादा गेला, आत्या गेली, अक्काची दोन एकर समृद्धी महामार्गात गेली, आणि मृत्युपत्र मात्र होते तिथेच राहिले.

वकीलसाहेबांनी सगळे वाचून पहिला प्रश्न विचारला तो दादाचा नव्हता की आत्याचाही नव्हता. त्यांनी विचारले, "यातली कोणती जमीन त्यांची स्वतःची, आणि कोणती बापजाद्यांची?" मला प्रश्नाचा रोख कळला नाही, कारण सातबारावर सगळीकडे तात्यांचेच नाव होते. त्यांनी समजावून सांगितले की वाटणीत आलेली वडिलोपार्जित जमीन तात्यांच्या एकट्याची नव्हती. मुलांचा त्यात जन्मापासून हक्क होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीलाही तोच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या खटल्यात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. अक्काचे लग्न १९९० मध्ये झाले होते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या राज्य दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, पण केंद्राच्या दुरुस्तीत तशी अट नाही. म्हणजे त्या आठ एकरांचे चार समान भाग: तात्या, दादा, बापू आणि अक्का, प्रत्येकी दोन एकर. मृत्युपत्राने तात्या केवळ स्वतःचे दोन एकर देऊ शकत होते. उरलेल्या सहा एकरांपुरते ते कलम, जितके ठळक अक्षरांत लिहिलेले असो, निष्फळ होते. मृत्युपत्र करताना कोणीही त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, ही गोष्ट मला आजही खुपते. मराठवाड्यातल्या गावोगावी अशी मृत्युपत्रे पडून असतील, ज्यांत बापाने आपली नसलेली जमीनही मोकळ्या हाताने वाटली आहे आणि मुलीच्या वाट्याचा उल्लेखसुद्धा नाही.

दादाच्या बाबतीत बापूचे म्हणणे सरळ होते. दादा २०१८ मध्ये हृदयविकाराने गेला, तात्यांच्या आधी गेला, तेव्हा त्याला दिलेले आपोआप रद्द झाले. गावातल्या जाणत्या माणसांचेही हेच मत होते. आणि सर्वसाधारण नियम खरोखरच तसा आहे. ज्याला दिले तो देणाऱ्याच्या आधी वारला तर ती देणगी गळते आणि उरलेल्या मिळकतीत जाऊन मिसळते, असे १९२५ च्या अधिनियमाचे कलम १०५ सांगते. पण कलम १०९ मध्ये याला एक अपवाद आहे. देणगी स्वतःच्या मुलाला किंवा खालच्या पिढीतल्या वंशजाला असेल, आणि तो आधी वारला तरी देणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी त्याचे स्वतःचे मूलबाळ हयात असेल, तर देणगी गळत नाही. जणू तो देणाऱ्याच्या मागोमाग लगेच वारला, असे धरून ती त्याच्या वारसांकडे जाते. दादाला एक मुलगी आहे, तेव्हा बारावीत होती. त्यामुळे तात्यांच्या दोन एकरांपैकी दादाचा अर्धा भाग म्हणजे एक एकर वाचला आणि तो केवळ मुलीकडे न जाता दादाचे वारस म्हणून वहिनी आणि मुलगी अशा दोघींकडे आला. दादाचे स्वतःचे जन्मसिद्ध दोन एकर तर त्यांच्याकडे २०१८ मध्येच आले होते. हे सगळे मी वहिनींना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितले. त्यांनी तीन वेळा विचारले, "म्हणजे आम्हाला कोणी काढू शकत नाही ना?" चार वर्षे त्या याच भीतीत राहिल्या होत्या आणि कोणाला विचारायची त्यांना सोय नव्हती.

आता आत्याचे दोन एकर.

आत्या नोव्हेंबर २०१९ मध्ये वारली. तात्यांची ती पाठची बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. तिने एकुलत्या मुलाला शिवणकाम करून वाढवले, आणि तो मुलगा, माझे आतेभाऊ, पुढे वीस वर्षे तात्यांची शेती खांद्याला खांदा लावून करत होते. बाग त्यांनीच जपली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात, जेव्हा जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळून गेल्या, तेव्हा टँकरच्या पाण्यावर झाडे जगवायची धडपडही त्यांनीच केली आणि शेवटी वाळलेली झाडे तोडून त्यांनीच तिथे कापूस लावला. (मृत्युपत्रात 'मोसंबीची बाग' लिहिले आहे आणि आज तिथे बाग नाही, म्हणून ते कलम जाते का, असे मी विचारले होते. गट क्रमांक आणि चतुःसीमा जुळत असताना वर्णनातल्या अशा फरकाने देणगी जात नाही, असे उत्तर मिळाले.) आत्या गेल्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, तात्यांनी मृत्युपत्र काढले, आत्याच्या नावावर लाल शाईने एक सरळ रेघ मारली, वर आतेभावांचे पूर्ण नाव लिहिले आणि समासात आपली सही करून खाली तारीख घातली.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे ती दुरुस्ती पाहताच मला तात्यांचा हात ओळखू आला. हजेरीपटात किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चूक झाली तर ती खोडायची नसते. एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, वर बरोबर मजकूर लिहायचा आणि बाजूला दिनांकित सही करायची. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो दुरुस्त्या अशाच केल्या असतील. हीच सरकारी शिस्त त्यांनी आपल्या मृत्युपत्राला लावली, आणि प्रामाणिकपणे लावली.

मृत्युपत्राची शिस्त मात्र वेगळी असते. कलम ७१ प्रमाणे सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड, भर किंवा बदल यांना काही अर्थ नाही, जोपर्यंत तो बदल मृत्युपत्राच्याच रीतीने, म्हणजे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या त्या बदलाजवळ घेऊन, केलेला नाही. मूळ शब्द वाचताच येणार नाहीत इतके खोडले असतील तेवढाच अपवाद. तात्यांची रेघ इतकी नीट होती की खालचे आत्याचे नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने वरचे आतेभावांचे नाव लिहिलेच गेले नव्हते आणि आत्याचे नाव खोडलेच गेले नव्हते. आत्याचे नाव कायम राहिले, आणि आत्या आधी वारलेली होती, म्हणून देणगी गळली. दादाला वाचवणारे कलम १०९ इथे उपयोगी पडले नाही, कारण ते मुलाबाळांसाठी आहे आणि बहीण त्यात येत नाही. वकीलसाहेबांनी हे सांगितले तेव्हा मी त्यांना दोनदा थांबवून पुन्हा विचारले. एकाच कागदावर, एकाच माणसाने, सारख्याच मायेने लिहिलेली दोन नावे आणि दोन्ही माणसे त्याच्या आधी गेलेली, तरी एकाच्या घरी जमीन जाते आणि दुसऱ्याच्या घरी जात नाही, हे मला पचायला वेळ लागला.

त्या जानेवारीत कोण हजर होते याचा मी गावात बराच शोध घेतला. शेजारचे किराणा दुकानदार म्हणाले की दुरुस्ती केली त्या संध्याकाळी तात्यांनी त्यांना तो कागद दाखवला होता आणि "तालुक्याला जाऊन पक्कं करून घेतो" असे म्हटले होते. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. नंतर तात्यांचे गुडघे गेले, आणि तालुक्याला जाणे राहून गेले. दुकानदारांनी त्या संध्याकाळी समासात सही केली असती आणि रस्त्याने जाणाऱ्या आणखी एका माणसाची सही तात्यांनी घेतली असती, तर तेवढ्याने काम झाले असते. रजिस्ट्री ऑफिसला जायचीही गरज नव्हती. तात्यांनी सांगितलेले ऐकणारे गावात सात-आठ लोक निघाले, पण ऐकणे हे साक्षांकन नव्हे. साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा करणाऱ्याने ती सही आपली असल्याचे त्याला सांगितलेले असावे, आणि साक्षीदाराने करणाऱ्यासमोर स्वतः सही केलेली असावी, ही कलम ६३ ची अट आहे. हे आतेभावांना सांगायचे काम माझे होते. मी त्यांना कपाशीच्या बांधावर बसून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय ना, ते खोटं तर नाही ना?" ते खोटे नव्हते. मी एवढेच उत्तर देऊ शकले.

अक्काचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. समृद्धी महामार्गासाठी जमीन मोठ्या प्रमाणावर थेट खरेदीने घेतली गेली आणि अक्काला लिहिलेले दोन एकर २०१७ मध्ये तात्यांनी संमतीने खरेदीखत करून दिले. विशिष्ट वस्तू मृत्युपत्राने दिली आणि मृत्यूच्या वेळी ती वस्तू देणाऱ्याच्या मालकीची उरलीच नाही, किंवा तिचे दुसऱ्या प्रकारच्या मिळकतीत रूपांतर झाले, तर ती देणगी संपते, असे कलम १५२ चे सांगणे आहे. जमिनीच्या बदल्यात आलेले पैसे आपोआप जमिनीची जागा घेत नाहीत. बदल कायद्याच्या अंमलाने, माणसाच्या इच्छेशिवाय झाला असेल तर देणगी वाचवणारी तरतूद आहे, आणि सक्तीचे भूसंपादन झाले असते तर त्यावर निदान वाद घालता आला असता. पण इथे तात्यांनी स्वतः जाऊन सही केली होती. अक्काने सांगितले की खरेदीखताच्या दिवशीच तात्या तिला म्हणाले होते, "तुझ्या जमिनीचे पैसे तुझेच, मी तसं लिहून ठेवतो." तिला त्याबद्दल शंका नव्हती, मलाही नाही. पण लिहून ठेवलेले काही नव्हते.

मग ते पैसे कुठे गेले? सुमारे ४२ लाख रुपये तात्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून बापूचे नाव लावले. बँकेने बापूला पैसे देऊ केले तेव्हा त्याला वाटले की ते त्याचेच. नामनिर्देशित माणूस बँकेकडून रक्कम घेऊ शकतो, तो तिचा मालक होत नाही, मालक मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरतो, हे त्याला पटवायला एक पूर्ण दिवस गेला. मग मृत्युपत्रातले बँकेच्या रकमेचे कलम पुढे आले. तात्यांनी २०११ मध्ये ते लिहिले तेव्हा खात्यात पेन्शनचे तीस-चाळीस हजार होते. पण मृत्युपत्रातले वर्णन, वेगळा हेतू दिसत नसेल तर, मृत्यूच्या दिवशी त्या वर्णनात जे बसते त्याला लागू होते (कलम ९०). म्हणजे हे ४२ लाखही 'बँकेतील रक्कम' झाले आणि ते धर्मकार्यात लावायचे होते. ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. मारुतीच्या मंदिराचे लोक आले, सप्ताहाचे लोक आले, आणि ते वाईट हेतूने आले असे मी म्हणणार नाही. सभामंडपाचे काम खरोखर अडलेले होते.

इथे वकीलसाहेबांनी १८९९ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, एक निर्णय काढून दाखवला. 'धर्म' या एका शब्दासाठी ठेवलेली देणगी इतकी मोघम आहे की न्यायालय तिच्यावर देखरेख करू शकत नाही, म्हणून ती निष्फळ ठरते, असे त्यात सांगितलेले आहे आणि आपल्याकडची न्यायालये तो निर्णय मानत आली आहेत. आपल्या भाषेत धर्म म्हणजे पाणपोईही आहे, अन्नदानही आहे, कोणाच्या लेकीचे लग्न लावून देणेही आहे आणि नुसते नीट वागणेही आहे. शब्दाची ही रुंदीच त्या कलमाला भोवली. 'गावच्या मारुती मंदिराच्या सभामंडपासाठी' किंवा 'शाळेच्या खोलीसाठी' एवढे शब्द असते तर देणगी टिकली असती. कलम ८९ सुद्धा अनिश्चिततेबद्दल हेच सांगते. धर्मकार्याचे कलम पडले, तेव्हा दिवसकार्याचा खर्च वजा जाता ती रक्कम उरलेल्या मिळकतीत गेली आणि उरलेली मिळकत बापूची होती.

असे एकेक कलम गळत गेले आणि जे गळेल ते बापूच्या पदरात पडत गेले. हिशेब मी कागदावर मांडला. बापूला वडिलोपार्जितातले तीन एकर, विहिरीजवळचे तिन्ही एकर, घर आणि ४२ लाख. वहिनी व मुलीला तीन एकर. अक्काला मृत्युपत्रातून काहीच नाही, पण आठ एकरांतले जन्माने आलेले दोन एकर, ज्यांचा तात्यांच्या मृत्युपत्रात उल्लेखही नव्हता. आतेभावांना काही नाही.

या काळात नातेवाइकांनी मोबाइलवर वाचून बरेच काही सुचवले. साक्षीदाराला किंवा त्याच्या पत्नीला दिलेली देणगी बाद होते, मृत्युपत्रानंतर लग्न केले तर मृत्युपत्र रद्द होते, असे नियम १९२५ च्या अधिनियमात आहेत हे खरे, पण हिंदूंच्या मृत्युपत्रांना ते लागू केलेले नाहीत. एका नातेवाइकाने तर यावरून वाद उभा करायची तयारी केली होती. कोणतेही कलम वाचताना ते आपल्याला लागू आहे का हे तिसऱ्या अनुसूचीत पाहावे लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे असे माझे कळकळीचे सांगणे आहे. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचीही चौकशी झाली. त्या वेळी हिंदूंसाठी त्याची सक्ती मुंबई शहरासारख्या ठरावीक भागांपुरती होती, जालन्यात नव्हती.

तलाठ्यांकडे फेरफारासाठी अर्ज दिला तेव्हा सर्व वारसांना पंधरा दिवसांच्या नोटिसा निघाल्या. अक्काने हरकत घेतली, नोंद तक्रारी नोंदवहीत गेली आणि सुनावणी लागली. तिने हरकत घ्यावी हे मीच सुचवले होते, कारण तिचे दोन एकर मुकाट्याने दोन भावांच्या नावावर चढले असते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवते, हे खरे असले तरी एकदा सातबारावर नाव चढले की ते उतरवायला पिढी जाते. सुनावणीला मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी हयात असलेले एक गुरुजी, वय वर्षे ८४, अंबडहून एसटीने आले. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करायचे तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते, आणि तशी वेळ आली तर ते हयात असतील का, या काळजीने आम्ही त्यांचे शपथपत्रही करून ठेवले. त्यांनी मृत्युपत्रावरची स्वतःची सही बोट ठेवून दाखवली. मग लाल रेघेकडे पाहून ते म्हणाले, "हे त्यांनी मला पत्र टाकून कळवलं असतं तर मी आलो असतो हो सही करायला." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होते.

बापूविषयी मला न्यायाने लिहिले पाहिजे. तात्यांची शेवटची चार वर्षे त्याने आणि त्याच्या बायकोने काढली. दवाखान्याचा खर्च त्याने केला. कायद्याने सगळे त्याचे ठरले ते त्याने काही लबाडी करून मिळवले नव्हते. वकीलसाहेबांच्या खोलीत हिशेब ऐकल्यावर तो दोन महिने माझ्याशी या विषयावर बोलला नाही. मी त्याला एकच गोष्ट दिली, त्या दुसऱ्या पानाची रंगीत झेरॉक्स. सोयाबीनची काढणी झाल्यावर त्याचा फोन आला. आत्याचे दोन एकर आतेभावांना द्यायचे त्याने ठरवले होते, आणि महामार्गाच्या रकमेतले निम्मे अक्काला.

अक्काला निम्मे हे निम्मेच वाटले, आणि ते मी समजू शकते. तात्यांचा शब्द पूर्ण रकमेचा होता. तिने पैसे घेतले, आठ एकरांतले आपले दोन एकरही सोडले नाहीत, आणि हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या दबावाला तिने ठाम नकार दिला. चौघांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेतले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यानंतर सेलूहून गावी येताना अक्काने एकदा गाडी पुलाजवळ थांबवायला लावली आणि खालून जाणाऱ्या गाड्या पाहत ती बराच वेळ उभी राहिली. बापूशी ती अजून मोजकेच बोलते.

आतेभावांना जमीन द्यायची तर ती मृत्युपत्राने देता येत नव्हती. आधी ती बापूच्या नावावर फेरफाराने आणावी लागली, मग बापूने बक्षीसपत्र करून द्यायचे. मुला-मुलीला, नातवाला शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात २०० रुपयांच्या मुद्रांकावर भागते, पण मामेभावाने आतेभावाला दिले तर ती सवलत नाही. बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क भरावे लागले. ते दोघांनी निम्मे निम्मे भरले. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. त्या लाल सहीशेजारी दोन सह्या असत्या तर हा खर्च एका रुपयाचाही झाला नसता.

बक्षीसपत्राची रजिस्ट्री जून २०२३ मध्ये झाली. मृगाचा पाऊस लांबला होता आणि ऑफिसबाहेर झाडाखाली आम्ही नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो. अंगठे उमटले, फोटो निघाले, काम संपले. महिन्याभराने नवा सातबारा आला. त्यावर आतेभावांचे नाव होते, आणि फेरफाराच्या नोंदीत मिळकत कशी आली त्या जागी 'बक्षीसपत्र' लिहिले होते. आतेभावांनी तो सातबारा नीट घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारले, "ताई, त्या पानाची एक प्रत मलाही देशील का? तात्यांनी माझं नाव लिहिलेल्या." मी त्यांना रंगीत प्रत काढून दिली, लाल शाई नीट दिसेल अशी.